गोव्यातील खाणप्रदेश : आर्थिक स्थित्यंतर

गोवा राज्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी साधारणतः समांतर, वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेला लोहखनिजाचा पट्टा. त्याची लांबी सुमारे ९५ किमी. असून डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे व केपे या तालुक्यांत त्याचा मुख्य विस्तार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे सहा दशकांत या प्रदेशाचे अर्थजीवन शेती व बागायतीकडून खनिजाच्या निर्यातीकडे वळले. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा एकाच निर्यात-द्रव्यावर विसंबलेल्या ग्रामीण प्रदेशाची अवस्था काय होते, याचे ठळक उदाहरण येथे पाहावयास मिळाले. खनिज ही मिळकत की भांडवल, आणि तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, हे प्रश्नही या घटनांमुळेच सार्वजनिक चर्चेच्या अग्रभागी आले.

भूरचना व खनिज : गोव्यातील लोहखनिज कँब्रियन-पूर्व काळातील धारवाडी खडकांत, मुख्यतः पट्टेदार हेमॅटाइट-क्वॉर्ट्‌झाइटात सापडते. उष्ण व दमट हवामानात मूळ खडकातील सिलिका वाहून गेली व लोहाचे प्रमाण वाढत गेले. वरच्या थरात जांभा, त्याखाली ढेपाळ खनिज व त्याहून खाली भुकटीसारखे चूर्ण खनिज, असा क्रम सामान्यतः आढळतो. मध्य भारतातील खनिजाच्या तुलनेने येथील खनिज कमी प्रतीचे असून त्यात चूर्णाचे प्रमाण पुष्कळ असते. खनन सर्वत्र उघड्या खाणींच्या पद्धतीने होते. एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणपणे दोन ते तीन टन माती व टाकाऊ दगड उपसावा लागतो. खाणपट्टे आकाराने लहान असल्याने हा उपसा टाकण्यास जागा अपुरी पडते. खनिजाचे थर अनेक ठिकाणी भूजलपातळीच्या खाली जात असल्यामुळे खड्ड्यांतील पाणीही सतत उपसावे लागते. मातीचे ढिगारे आणि पाण्याचा उपसा या दोन गोष्टींचा पुढे गावांच्या अर्थजीवनाशी निकटचा संबंध आला.

खनिज कमी प्रतीचे असूनही ते जगाच्या बाजारात टिकले, याचे मुख्य कारण भूगोलात आहे. बहुतेक खाणी मांडवी व जुवारी या नद्यांच्या नौकानयनयोग्य पात्रापासून थोड्याच अंतरावर आहेत. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यापर्यंत, तेथून बार्जमधून मुरगाव बंदरापर्यंत व तेथून सागरी जहाजात, अशी स्वस्त वाहतूक-साखळी येथे निर्माण झाली. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळील वाळूच्या दांड्यामुळे तो मार्ग धोक्याचा होतो. अशा वेळी मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातून बार्ज मुरगावला नेण्याची सोय होती. १८८८ मध्ये लोहमार्गाने ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडले गेलेले मुरगाव हे मुळातच उत्तम नैसर्गिक बंदर आहे.

खाणपूर्व अर्थव्यवस्था : खाणी सुरू होण्यापूर्वी या तालुक्यांचा व्यवहार मुख्यतः भातशेती, कुळागरे व जंगलातील उत्पन्न यांवर चाले. डोंगरातून वाहणाऱ्या झऱ्यांवर पोसलेल्या कुळागरांत सुपारी, नारळ, मिरी, केळी यांचे मिश्र पीक घेतले जाई. डोंगरउतारांवर काजू व फिरती शेती होती. खालच्या अंगाला, भरती-ओहोटीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाजन जमिनींत भात व मीठ पिके. जमिनीची मालकी गावकरी संस्था, देवस्थाने, भाटकार व सरकार यांच्यात विभागलेली होती. कसणारा बहुधा कूळ असे. उत्पन्न बेताचे होते आणि गोव्याला तांदूळ बाहेरून आणावा लागे. रोजगारासाठी मुंबईस व आफ्रिकेत जाण्याची प्रथा किनारपट्टीप्रमाणे येथेही होती. म्हणजे खाणींनी एखाद्या सुबत्तेच्या जागी दुसरी सुबत्ता आणली नाही. कष्टाच्या पण स्थिर अशा उपजीविकेच्या जागी अधिक पैशाची, पण बाहेरच्या बाजारावर अवलंबून असलेली उपजीविका त्यांनी आणली.

पोर्तुगीज सवलतींची पद्धत : खाणींच्या मालकीची घडण पोर्तुगीज कायद्याने झाली. २० सप्टेंबर १९०६ च्या वसाहतविषयक खाण-फर्मानानुसार खनिजाचा शोध लागल्याची नोंद करणाऱ्यास विहित अटींवर खाण-सवलत मिळे. एका सवलतीचे क्षेत्र १०० हेक्टरांपर्यंत मर्यादित असे. तिला मुदत मात्र नसे. त्यामुळे छोट्या छोट्या, पण कायमस्वरूपी हक्कांची एक दाट जाळी या पट्ट्यावर पसरली. प्रारंभी मँगॅनिजाला मागणी होती. लोहखनिजाचा व्यापार दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. युद्धोत्तर जपानला पोलाद उद्योगाच्या उभारणीसाठी कच्चा माल हवा होता. जपानी खरेदीदारांनी यंत्रसामग्रीसाठी कर्जे दिली व त्यांची फेड खनिजाच्या रूपाने करून घेतली. १९५० नंतरच्या दशकात निर्यात काही हजार टनांवरून दशलक्षावधी टनांवर गेली.

या वाढीला राजकीय बाजूही होती. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. तेव्हा खनिजाच्या विक्रीतून मिळणारे परकी चलन हा वसाहत-शासनाचा मोठा आधार ठरला. दुसरीकडे, खाणव्यवसायाने स्थानिक हिंदू व्यापारी घराण्यांच्या हाती भांडवल आणले. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले, बांदेकर यांसारखी उद्योगघराणी याच काळात नावारूपास आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर १९६३ मध्ये निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. शिक्षणसंस्था, वृत्तपत्रे, जहाजबांधणी, क्रीडा इ. क्षेत्रांत या भांडवलाचा सहभाग पुढे मोठा राहिला.

मुक्तीनंतरचा विस्तार : मुक्तीनंतरही पोर्तुगीज सवलतींचे कायदेशीर स्वरूप दीर्घकाळ अनिर्णीत राहिले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून या सवलती रद्द केल्या व त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. हा बदल २० डिसेंबर १९६१ पासून लागू मानण्यात आला. दरम्यान उत्पादन वाढतच गेले. १९७९ मध्ये मुरगाव बंदरात यांत्रिक खनिज-हाताळणी संयंत्र कार्यान्वित झाले. हाताने फोडून, टोपलीने भरून होणारे काम खोदयंत्रांनी व मोठ्या ट्रकांनी केले जाऊ लागले. साहजिकच दर टनामागे लागणाऱ्या मजुरांची संख्या घटली. रोजगाराचा भर खाणीच्या आतून खाणीबाहेरील वाहतुकीकडे सरकला.

येथील अर्थव्यवस्था समजून घेण्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. खाणीवरील अवलंबित्वाचे तीन थर होते. पहिला थर कंपन्यांच्या वेतनपटावरील कामगारांचा. तो संख्येने लहान पण सुरक्षित होता. दुसरा ट्रकमालक, चालक, बार्जमालक व खलाशी यांचा. बँकेचे कर्ज काढून एखादा-दुसरा टिपर घेणे व तो खाणीवर लावणे हा खाणपट्ट्यातील असंख्य कुटुंबांचा व्यवसाय बनला. खाणीमुळे शेत गेलेल्या वा नापीक झालेल्या कुटुंबास भरपाईबरोबर ट्रकचे काम मिळे. त्यामुळे नुकसान सोसणारा व लाभ घेणारा पुष्कळदा एकच असे, आणि विरोधाची धार त्यामुळे बोथट होई. तिसरा थर गॅरेज, टायरांची दुकाने, खाणावळी, भाड्याच्या खोल्या इत्यादींचा. कुडचडे, सावर्डे, साखळी, उसगाव-तिस्क या ठिकाणची बाजारपेठ बव्हंशी या तिसऱ्या थरावर उभी होती.

चीनची मागणी व भरभराट : २००० नंतर चीनच्या पोलाद उद्योगाची मागणी झपाट्याने वाढली. जपानी कारखान्यांना नको असलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यांत रचलेला माल पुन्हा उपसून निर्यात होऊ लागला. वार्षिक करारांची जागा तात्कालिक सौद्यांनी घेतली. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. अरुंद ग्रामीण रस्त्यांवरून दिवसभर ट्रकांच्या अखंड रांगा जाऊ लागल्या. धूळ, अपघात व रहदारीचा खोळंबा हे नित्याचे झाले.

या काळात मिळालेल्या नफ्याची वाटणी हा पुढील वादाचा गाभा होय. लोहखनिजावरील स्वामित्वशुल्क २००९ पर्यंत दर टनामागे ठरीव रुपयांत आकारले जाई. भाव कितीही चढला, तरी राज्याचा वाटा त्या प्रमाणात वाढत नसे. ऑगस्ट २००९ मध्ये ते मूल्याच्या १० टक्के व सप्टेंबर २०१४ मध्ये १५ टक्के करण्यात आले. म्हणजे तेजीच्या पहिल्या काही वर्षांत खनिजाच्या वाढीव किमतीचा फार मोठा भाग खाणचालक, मध्यस्थ व निर्यातदार यांच्याकडे गेला. भूगर्भातील ठेव ज्या जनतेची मानली जाते, तिच्या वाट्यास अल्प भाग आला.

शेती व पाणी यांवरील परिणाम : खाणींचा खर्च मुख्यतः शेतकऱ्यांवर पडला व तो कोणत्याही ताळेबंदात दिसला नाही. पावसाळ्यात ढिगाऱ्यांवरून वाहून आलेला तांबडा गाळ सखल भातशेतांत व ओहोळांत साचला. गाळाचा थर बसलेल्या शेताची पाणी मुरविण्याची शक्ती व कस कमी होतो. खोल खाणींतील उपशामुळे आजूबाजूच्या विहिरी व झरे आटले आणि झऱ्यांवर अवलंबून असलेल्या कुळागरांना त्याची झळ बसली. देवी लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेले डिचोली तालुक्यातील शिरगाव खाणपट्ट्यांनी वेढले गेले. तेथील आटलेल्या विहिरी व शेते यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. नद्यांत बार्जच्या लाटांनी खाजनांचे बांध खचले. बांध फुटून खारे पाणी शिरलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यास अनेक वर्षे लागतात. खाणपट्ट्याचा एकत्रित पर्यावरणीय अभ्यास १९९७ मध्ये टाटा ऊर्जा संशोधन संस्थेने केला होता. परंतु लहान लहान पट्ट्यांत विभागलेल्या मालकीमुळे संपूर्ण खोऱ्याचे एकत्र नियोजन प्रत्यक्षात आले नाही.

खाणबंदी : बेकायदा खनिज-उत्खननाच्या चौकशीसाठी केंद्र शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडण्यात आला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले व ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने असा निर्णय दिला, की १९८७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती व त्यानंतरचे उत्खनन कायदेशीर हक्काविना झाले. वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घालण्यात आली. खनिजविक्रीच्या रकमेचा १० टक्के भाग कायम निधीत जमा करण्याचा आदेशही त्याच निकालात होता.

त्यानंतर राज्य शासनाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण केले व २०१५ मध्ये काही खाणी सुरू झाल्या. तथापि ही नूतनीकरणे लिलाव न करता झाली असल्यामुळे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. मार्च २०१८ च्या मध्यास खाणकाम दुसऱ्यांदा थांबले.

बंदीचे परिणाम सर्वांवर सारखे झाले नाहीत. संपूर्ण राज्याचा विचार करता महसुलात व निर्यातीत मोठी घट झाली. परंतु पर्यटन, औषधनिर्मिती व सेवा या क्षेत्रांमुळे गोव्याचे दरडोई उत्पन्न देशातील वरच्या राज्यांतच राहिले. खाणपट्ट्यातील चित्र वेगळे होते. कंपन्यांनी कामगारांना प्रथम काही काळ वेतन दिले व मागाहून कपात केली. ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. परप्रांतीय चालक व मजूर परतले, भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, बाजारपेठा ओस पडल्या. राज्य शासनाने ट्रक व बार्ज यांच्या मालकांना अर्थसाहाय्य आणि कर्जफेडीत सवलत दिली. त्याने तात्कालिक दिलासा मिळाला. पर्यायी रोजगार निर्माण झाला नाही. पर्यटनाचा विस्तार मुख्यतः किनारपट्टीत व औद्योगिक वसाहतींचा विस्तार बव्हंशी मध्य गोव्यात झाला असल्यामुळे, एका तालुक्यातील वाढ दुसऱ्या तालुक्यातील तूट आपोआप भरून काढत नाही, हे या वेळी स्पष्ट झाले.

शेतीकडे परतणेही सोपे नव्हते. गाळाने भरलेली शेते, मोडलेले पाट, आटलेले झरे यांच्या जोडीला कौशल्याची तुटलेली परंपरा ही मोठी अडचण ठरली. कुळागर राखणे, खाजनाचा बांध व मानस (पाण्याचे दार) सांभाळणे ही कामे पिढीजात अनुभवाने शिकली जातात. दोन पिढ्या ट्रकवर गेलेल्या कुटुंबात ती पुन्हा रुजविणे कठीण असते. धारबांदोडा भागातील संजीवनी सहकारी साखर कारखान्यातील गाळपही थांबल्याने उसाचा आधार क्षीण झाला. काही ठिकाणी मात्र खाणी बंद झाल्यावर विहिरींचे पाणी वाढले, ओहोळ स्वच्छ झाले व बागायतीस पुन्हा चालना मिळाली. काही जुन्या खड्ड्यांतील पाणी शेतीसाठी वापरले जाते, तर ढिगाऱ्यांवर काजू, बांबू व अन्य झाडांची लागवड झाली आहे.

नवी व्यवस्था : २०१५ मध्ये केंद्रीय खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार खाणपट्टे लिलावानेच द्यावयाचे ठरले व खाणबाधित क्षेत्रांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. गोव्यातील पहिल्या टप्प्यातील ४ पट्ट्यांचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यात बोली लावणाऱ्यांनी खनिजाच्या सरासरी विक्रीमूल्याच्या निम्म्याहून अधिक वाटा राज्यास देऊ केला. पूर्वीच्या ठरीव शुल्काशी तुलना करता हा फरक बोलका आहे. २०२४ मध्ये डिचोली तालुक्यात लिलावातील पट्ट्यावर उत्खनन सुरू झाले. मात्र लिलावातील काही पट्ट्यांत गावातील घरे, देवळे व शेते समाविष्ट असल्याची हरकत ग्रामस्थांनी घेतली. लिलावामुळे राज्याच्या तिजोरीचा वाटा वाढला, तरी गावाच्या संमतीचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

तुलना व मूल्यमापन : खाणींवर पोसलेल्या प्रदेशांचा अनुभव अन्यत्रही उद्‌बोधक आहे. कर्नाटकातील कोलार येथे १८८० पासून चाललेले सोन्याचे खनन फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाले. एके काळी विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या त्या नगरातील हजारो लोक आज रोज रेल्वेने बंगळुरूस कामाला जातात. जर्मनीतील रूर खोऱ्यात दगडी कोळशाच्या खाणी अनेक दशकांच्या नियोजनाने टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या. शेवटची २०१८ मध्ये बंद झाली. तेथे विद्यापीठे काढणे, कामगारांना नवे शिक्षण देणे व जुन्या खाणींतील पाण्याचा उपसा कायम चालू ठेवणे यांसाठी तरतूद आधीच केली होती. नॉर्वेने १९९० मध्ये खनिज तेलाच्या उत्पन्नासाठी स्वतंत्र निधीचा कायदा केला. गोव्याच्या उत्तर सीमेलगत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी येथेही लोहखनिजाच्या निर्यातीवर गावाचा व्यवहार दीर्घकाळ अवलंबून राहिलेला आहे.

या सर्वांमागील आर्थिक तत्त्व एकच आहे. भाताचे पीक दर वर्षी येते. खनिज एकदाच काढता येते. म्हणून खनिजविक्रीतून मिळालेली रक्कम हे खऱ्या अर्थाने उत्पन्न नसून एका रूपातील संपत्तीचे दुसऱ्या रूपात झालेले परिवर्तन होय. अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले, की अशा संपत्तीपासून मिळणारा खंड संपूर्णपणे अन्य भांडवलात गुंतविला, तरच पुढील पिढ्यांची उपभोगक्षमता टिकते. कायम निधीची कल्पना याच विचाराशी जुळणारी आहे. गोव्यात हा निधी आला तो सर्वाधिक खनिज निघून गेल्यानंतर.

गोव्यातील खाणप्रदेशाचा प्रश्न त्यामुळे खाणी असाव्यात की नसाव्यात एवढ्यापुरता मर्यादित राहत नाही. मर्यादित प्रमाणात उत्खनन चालू राहिले, तरी ते कधीतरी संपणारच आहे. यांत्रिकीकरणामुळे त्यातील रोजगार पूर्वीइतका असण्याचाही संभव कमी आहे. तेव्हा ढिगाऱ्यांचे स्थिरीकरण, शेतांतील गाळ काढणे, झरे व बांध यांची दुरुस्ती ही कामेच या तालुक्यांत रोजगाराचे साधन होऊ शकतात व त्यांचा खर्च खनिजाच्या उत्पन्नातून भागविणे न्याय्य ठरते. खनिज संपण्यापूर्वी त्याच्या मोलाचा पुरेसा भाग जमीन, पाणी व शिक्षण यांत परत घालणे, ही खाणप्रदेशाच्या पुनर्रचनेची मूलभूत अट आहे.